वारा आषाढात, पंप चैत्रात

शेतीपंपाला दिवसा दहा तास वीज द्या, ही कोल्हापूरची मागणी जुनी आहे. 2022 मध्ये त्यासाठी महावितरणच्या दारात धरणंही झालं. विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, डेन्मार्क अर्ध्याहून जास्त वीज वाऱ्यावर काढतं, मग आपल्या सह्याद्रीवर का नाही? लगेच दुसऱ्याचं उत्तर येतं, साताऱ्याकडच्या पवनचक्क्या बघा, उन्हाळ्यात नुसत्या उभ्या असतात. इथे डेन्मार्कमध्ये राहून दोन्ही बोलणी अपुरी वाटतात.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनानं वाढते. सेकंदाला 6 मीटरचा वारा 8 वर गेला की ताकद जवळजवळ 2.4 पट होते. मशीन साधारण 3 मीटरला फिरायला लागतं, 12-13 ला पूर्ण क्षमतेवर येतं आणि 25 च्या वर गेलं की पाती वळवून स्वतःच थांबतं. त्यामुळे चैत्रात उभी दिसणारी पवनचक्की बिघडलेली असेलच असं नाही, तिला वाराच पुरत नाही. साताऱ्याकडचं वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा सांगलीकडचं ढालगाव घ्या, वर्षातली निम्म्याहून जास्त वीज तिथे जून ते सप्टेंबरात तयार होते. नेमके तेव्हा उसाला पाऊस पाणी देत असतो आणि पंप बंद असतात.

पवनचक्कीची खरी अडचण ही आहे. डेन्मार्कला ती कमी जाचते, कारण इथे वारा हिवाळ्यात जोरात असतो आणि विजेची मागणीही तेव्हाच वाढते. शिवाय समुद्राखालच्या केबलांनी नॉर्वे जोडलेला आहे. वारा सुटला की नॉर्वे धरणातलं पाणी राखतो, वारा पडला की तेच पाणी सोडून इकडे वीज पाठवतो.

आपला नॉर्वे म्हणजे कोयना. 1960 मेगावॉटचा प्रकल्प, मिनिटांत चालू-बंद होणारा. धरण श्रावणात भरून वाहतं, मग वाचवलेल्या पाण्याचं करायचं काय, असं कुणी विचारेल. पण कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवून वीज काढायला कृष्णा खोऱ्याचं पाणी वाटून देणाऱ्या लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. जुलैत वाऱ्यामुळे न वापरलेला कोटा एप्रिलच्या टंचाईत वापरता येतो. त्याच्या जोडीला नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगामात साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची, सहवीज असते, आणि मार्च ते मे सौर विजेला कडक ऊन. वर्षाचं हे गणित कोल्हापूरच्या आसपासच जुळतं. म्हणून सौर की पवन या वादात मला तथ्य दिसत नाही. पंपाला दिवसा वीज सौरनंच मिळेल, पवनचं काम पावसाळ्यात कोळसा आणि कोयनेचं पाणी वाचवण्याचं.

मालकीचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. कोपनहेगनजवळ समुद्रात मिडलग्रुंडेन इथे 2 मेगावॉटची 20 मशीन आहेत. त्यांतली निम्मी मालकी सहकारी संस्थेची, तिचे एकूण शेअर 40,500, आणि एक शेअर म्हणजे वर्षाला साधारण 1000 युनिट. ऊस कारखान्याच्या सभासदाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे मात्र 2012 पर्यंत पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा मिळायचा, म्हणजे किमतीचा तेवढा भाग करपात्र उत्पन्नातून वजा व्हायचा. आयकर वाचवायला कितीतरी जणांनी मशीन घेतली. कर वाचला की गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बघायची घाई कुणाला? डोंगरावरच्या गावाला मिळाली ती जमिनीची एकदाची किंमत.

नुकसानही नीट मांडायला हवं. चाळकेवाडीच्या पठारावर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. शिकारी कमी म्हणून सरडे वाढले, पण त्यांची अंगकाठी खालावली. जांभ्याचे सडे, म्हणजे ही उघडी कातळपठारं, ओसाड दिसतात, पण ते ओसाड नाहीत. त्यामुळे नव्या सड्यावर पाया खणण्याआधी जुन्या जागांवरची 350 किलोवॉटची मशीन उतरवून, उंच मनोऱ्याची मोजकीच मोठी मशीन बसवावीत. पठार तेच, पाती कमी आणि युनिट जास्त.

ग्रामसभेनं पवनचक्कीच्या ठरावाआधी कंपनीकडे चार कागद मागावेत: मनोऱ्याच्या उंचीवर किमान वर्षभर मोजलेला वारा, सर्वात जवळच्या घरापाशी रात्री येणारा आवाज डेसिबलमध्ये, गावकऱ्यांसाठी राखलेले शेअर, आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचा पाया व काचतंतूंची पाती हलवायला बँकेत आधीच ठेवलेली रक्कम. ही पाती वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून चौथा कागद आल्याशिवाय सही करू नये.