बँक बुडाली, डबा राहिला

विषय खरं तर रिडेव्हलपमेंटचा चालू होता. डहाणूकर सर्कलच्या मागे आमचा कट्टा आहे, कट्टा म्हणजे बंद पडलेल्या लाँड्रीची पायरी आणि तिला लागून सोसायटीची बुटकी भिंत, उगाच फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. तिथे गेले सहा महिने कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, बिल्डर भाडं किती देणार याशिवाय दुसरं काही बोललंच जात नाही. त्यात संज्या आला आणि हेल्मेट न काढताच म्हणाला, "या महिन्याचे अ‍ॅमेझॉन प्राइमचे फुकट गेम क्लेम केले का रे?"

संज्या हिंजवडीला असतो. राहतो कोथरूडलाच, पण आयुष्य तिकडच्या सिग्नलला जातं. त्याचं प्रत्येक दुसरं वाक्य 'टेक्निकली'ने सुरू होतं. लग्नात उखाण्याआधी पण तो टेक्निकली म्हणाला होता, लोकांना वाटतं ही हेम्याने पसरवलेली अफवा आहे, पण मी पुढच्या रांगेत होतो. म्हणालाच होता.

"फुकट कुठले," हेम्या म्हणाला, "वर्षाचे १४९९ भरतोस की."

"ते डिलिव्हरीचे. गेम वर मिळतात. भाजीवर कोथिंबीर असते ना तसं. आणि टेक्निकली उद्या मेंबरशिप बंद केली तरी गेम माझे. डीआरएम-फ्री, म्हणजे कुलूपच नाही! तुझ्यासारखं नाही, प्लेस्टेशनचं सबस्क्रिप्शन संपलं की सगळ्याला कुलूप."

हे हेम्याला लागलं, कारण मागच्या दिवाळीत त्याचं प्लेस्टेशन प्लसचं सबस्क्रिप्शन संपलं होतं आणि महिन्याच्या महिन्याला घेतलेले सगळे गेम यादीत दिसत होते पण उघडत नव्हते. पैसे भरले की परत उघडतात. तो भरणार नव्हता, तत्त्व म्हणून, आणि तीन दिवसांत भरले, बायकोचा भाऊ राहायला आला म्हणून.

"पण संज्या, सगळे कुठे डीआरएम-फ्री असतात त्यात?" मुक्ता म्हणाली. कट्ट्यावर गेमिंगचं खरं कळणारी हीच एक, लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्याबद्दल विचारल्याशिवाय सांगत नाही, म्हणजे बघा. "गॉग, एपिक ही गेमची ऑनलाइन दुकानं, कधी गॉगचा कोड असतो, कधी एपिकचा, कधी अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधला. गॉगचा असेल तर इन्स्टॉलर उचल आणि जा, कोणी विचारत नाही. बाकीच्यात त्यांच्या दारातून आत जायचं. तू बघतोस का कुठला आहे?"

"मी सगळे क्लेम करतो."

"ते नाही विचारलं मी."

इथे बाळ्या आला. बाळ्या ऑनलाइन भाडेकरार करून देतो, मशीन घेऊन लोकांच्या घरी जातो आणि अंगठे घेतो. गेम म्हणाल तर त्याने शेवटचा खेळला तो कॉलेजात, सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन. तरी परवा सगळ्यात खरं बोलला तो हाच, आणि मी हे मित्र म्हणून लिहीत नाहीये, माझे सातशे रुपये आहेत त्याच्याकडे अजून.

संज्या त्याला समजावायला लागला की बघ, स्टीमवर, तेही गेमचं ऑनलाइन दुकानच, तू गेम घेतोस तेव्हा टेक्निकली गेम मिळत नाही, लायसन्स मिळतं.

"लायसन्स मला शिकवतो होय," बाळ्या म्हणाला. "लिव्ह अँड लायसन्स. रोज तेच करतो मी. राहा, खिळे ठोकू नका, अकरा महिन्यांनी निघा. कागदावर त्याला भाडेकरूसुद्धा म्हणत नाहीत, लायसन्सी म्हणतात, भाडेकरू म्हटलं तर घर स्वतःचं समजायला लागेल म्हणून. पण आम्ही निदान करारावर वर ठळक लिहितो. तुमच्याकडे पाटी लावायची 'विकणे आहे' आणि आत अकरा महिने?"

मुक्ताने सांगितलं की म्हणूनच कॅलिफोर्नियात कायदा झाला, २०२४ ला सही झाली आणि २०२५ पासून लागू, लायसन्स विकत असाल तर नुसतं 'खरेदी करा' लिहू नका, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. स्टीमने २०२४ लाच पैसे भरायच्या पानावरच ओळ टाकली. गॉगने लगेच डिवचलं की आमचे ऑफलाइन इन्स्टॉलर कोणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

"टेक्निकली," संज्याने बोट वर केलं, "गॉगसुद्धा लायसन्सच देतं."

आता हे त्याचं बरोबर होतं. त्याचं बरोबर असतं तेव्हा तो जास्त असह्य होतो.

बाळ्याने चहा संपवला. "देऊ दे की. पण किल्ली तुझ्या हातात दिलीये ना, आणि तू घरी नसताना येऊन कुलूप बदलायला मालकाला वाटच ठेवलेली नाही. मग कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतंय? आमच्याकडे बघ, चोवीस वर्षं राहतोय, हप्ते फिटले, मेंटेनन्स भरतो, जमीन अजून बिल्डरच्या नावावर. कन्व्हेयन्स नाही. ताबा आहे रे. ताबा महत्त्वाचा."

कन्व्हेयन्सचं नाव निघालं तशी गाडी परत रिडेव्हलपमेंटवर घसरली, आणि सेक्रेटरी, डीम्ड कन्व्हेयन्सची फाइल, ती फाइल कोणाच्या कपाटात कुजली, यात वीस मिनिटं गेली. सी विंगच्या एका गृहस्थांबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही, ते हे वाचतात.

परत आणलं हेम्याने. म्हणाला, मालकी वगैरे म्हाताऱ्यांची खुळं आहेत, मला मालकी नकोच. एक्सबॉक्सचा गेम पास, म्हणजे महिन्याची वर्गणी, घ्यायचा, खेळायचं, सोडायचं. हॉटेलात जेवल्यावर ताट घरी नेतो का आपण? मला हे मनातून पटलं होतं खरं सांगायचं तर, घरात जागा नाही, वेळ नाही, कशाला साठवायचं. पण मुक्ता म्हणाली की गेम पास अल्टिमेट अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये एका झटक्यात महिना २० डॉलरचा ३० डॉलर झाला, आणि बाळ्या तिकडून म्हणाला, "बघ. आमच्यात दहा टक्के वाढ तरी आधी लिहून घेतात." हेम्या गप. पाच सेकंद, पण गप.

मी पण एक टाकून दिलं, द क्रू. २०१४ चा गाड्यांचा गेम, ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि डिस्क घेतलेल्यांच्या हातात चकती राहिली, एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचा. तारीख माझ्या लक्षात राहायचं कारण मार्च एंड, मी ऑफिसात क्लोजिंग करत होतो आणि वाटलं, चला, तिकडेही कोणीतरी पुस्तकं बंद करतंय. त्यातूनच ती 'गेम मारू नका' चळवळ निघाली, युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. हे सांगितल्यावर कौतुकाने कोणीतरी बघेल असं वाटलं होतं. संज्या म्हणाला, "टेक्निकली ते डीआरएम नाही, सर्व्हर डिपेन्डन्सी आहे."

तेवढ्यात काका कुत्र्याला घेऊन खाली आले. हे बी विंगचे काका, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कोणत्याही चर्चेत "काय चाललंय" विचारून उभे राहतात. त्यांना डीआरएम समजावायचं कोणी? मुक्ताने दोन वाक्यांत केलं. काका, विकत घेतलेल्या गेमला कंपनीने लावलेलं कुलूप, किल्ली कंपनीकडे. आणि डीआरएम-फ्री म्हणजे कुलूपच नाही, तुमच्या डिस्कवर ठेवा, इंटरनेट नको, परवानगी नको. आता काही ठिकाणी वर्गणीदार झालं की असे बिनकुलपाचे गेम भेट मिळतात, प्रश्न असा की वर्गणी थांबली तर भेट राहते का.

काका म्हणाले, "डब्यासारखं."

कसला डबा?

तर काका एका सहकारी बँकेचे सभासद होते, नाव लिहीत नाही, पुण्यात ज्याला कळायचं त्याला कळेल आणि ज्याला दुसरी आठवेल तीही बरोबरच असेल. वार्षिक सभेनंतर दरवर्षी सभासदांना भेटवस्तू. एका वर्षी स्टीलचा डबा, झाकणावर बँकेचं नाव कोरलेलं. "पुढे बँक बुडाली," काका म्हणाले, "ठेवी अडकल्या, शेअर गेले, शाखेच्या जागी आता मोमोजचं दुकान आहे. डबा आमच्याकडे आहे. हिने काल पोहे भरले त्यात."

बाळ्या भिंतीवरून खाली उतरला. उतरलाच, इतका खूश झाला. "काका, तुम्ही संपवलंत! बँक बुडाली, डबा राहिला. डीआरएम-फ्री म्हणजे डबा. आणि हेम्याचं प्लेस्टेशन म्हणजे बँकेचा लॉकर, वस्तू तुझी, पण बँकेला टाळं लागलं की बाहेरून हात जोडायचे."

"पण डबा आणायला जावं लागायचं हं," काका म्हणाले. "कूपन यायचं घरी. रविवारी अकरा ते एक. नाही गेलात की गेला. आमच्या मेहुण्यांकडे सहा वर्षांची कूपनं आहेत, डबा एकही नाही."

मुक्ता हसायला लागली, कारण तिचं नेमकं हेच झालं होतं. हम्बल म्हणून गेमचं अजून एक ऑनलाइन दुकान, त्याची मेंबरशिप होती तिची, त्यात ट्रोव्ह म्हणून एक गोदाम होतं, सभासद असेपर्यंत आत जा, हवे ते डीआरएम-फ्री गेम डाऊनलोड करा, नेलेले तुमचे. २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी पद्धत बदलली, ट्रोव्ह बंद, त्याऐवजी विंडोजचं अ‍ॅप. मॅक आणि लिनक्सवाल्यांना ३१ जानेवारीपर्यंत मुदत, जे न्यायचं ते न्या. आणि ही बाई, जी आम्हाला दहा वर्षं बॅकअपवर प्रवचन देतेय, ती त्या आठवड्यात कोकणात होती. "चार गेम मिळाले मला. हॉटेलच्या वायफायवर. बाकीची कूपनं."

मग तिने गॉगचा तो किस्सा सांगितला, सप्टेंबर २०१० चा. साइट एक दिवस अचानक बंदच. लोकांची धांदल, आमचे गेम गेले, आमचे पैसे गेले, आणि काही दिवसांनी कंपनीचे लोक भिक्षूंच्या कफन्या घालून व्हिडिओत आले, माफी मागितली, की बुवा बंद नव्हतं, बीटा संपल्याची जाहिरात होती. जाहिरात फाजीलच होती. पण मजा बघा, ही सगळी डीआरएम-फ्रीचे झेंडे घेतलेली मंडळी, ज्यांना साइट बंद पडली तरी फरक पडायला नको होता, तीच सगळ्यात जास्त ओरडत होती. कारण डाऊनलोड कोणीच केलेलं नव्हतं.

बाळ्याने संज्याकडे बघितलं. मला वाटतं आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

"किती गेम आहेत तुझे?"

"२१४," संज्या म्हणाला. छाती काढूनच म्हणाला.

"डाऊनलोड किती?"

"म्हणजे टेक्निकली..."

"नको टेक्निकली. आकडा."

संज्याने हेल्मेट काढलं, पहिल्यांदाच त्या संध्याकाळी. मग म्हणाला की हार्ड डिस्क भरलीये लग्नाच्या व्हिडिओने, आणि इन्स्टॉलर चार-चार जीबीच्या तुकड्यांत असतात, आणि ऑफिसच्या नेटवर ब्लॉक आहे, आणि क्लाउडवर सेफच आहे की सगळं. क्लाउडवर म्हटल्यावर बाळ्या काही बोललाच नाही, नुसती आभाळाकडे मान केली. काकांनी पण केली. कुत्र्याने पण केली असेल, मला हसण्यात दिसलं नाही.

संज्या चिडला. आणि चिडला की तो २००३ वर जातो. "मालकीच्या गप्पा मला कोण सांगतंय! हा हेम्या! माझी आयजीआय गेमची सीडी नेली ती आजतागायत दिली नाही. परीक्षा संपली की देतो म्हणाला होता. कुठली परीक्षा रे? याला आता दहावीतला मुलगा आहे!"

हे प्रकरण प्रत्येक कोजागरीला निघतं, प्रत्येक पिकनिकला निघतं, हेम्याच्या रिसेप्शनला स्टेजवर निघालं होतं. हेम्याचं म्हणणं सीडी स्क्रॅच झाली. संज्याचं म्हणणं विकली. बाळ्या म्हणाला बघ, हीच खरी मालकी, उसनी देता आली, बुडवता आली, वीस वर्षं भांडता आलं, आता कुठल्या लायसन्सवर भांडशील असा?

मुक्ता एकदम म्हणाली, "एक मिनिट. ती सीडी पांढरी होती का? वर निळ्या मार्करने 'आई जी आई' लिहिलेलं?"

"हो, आई दोनदा. का?"

"ते माझं अक्षर आहे. दादाच्या ओरिजिनलवरून मी राइट केली होती आणि भाऊबीजेला तुझ्या ताईला दिली होती. तुझी कधी झाली?"

आता यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. काका भिंतीला टेकले होते. हेम्या रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात वर करून उभा होता, एक रिक्षावाला त्याला काहीतरी बोलून गेला. बाळ्या मुक्ताला म्हणाला, म्हणजे कोथरूडमधली पहिली डीआरएम-फ्री कंपनी तुझी, आणि मुक्ता म्हणाली हसू नकोस, गॉगवाल्यांचंही तेच, गॉग काढणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचे दोघे संस्थापक शाळकरी वयात वॉर्सातल्या चोरट्या बाजारातच गेम विकायचे, १९९४ ला कंपनी काढली, १९९९ ला बाल्डर्स गेट हा गेम पोलिश भाषेत आणला तो पाच सीड्या, नकाशा, पुस्तक असा भरगच्च खोका करून, म्हणजे चोरट्या सीडीपेक्षा खोकाच घ्यावासा वाटेल. बाळ्या म्हणाला, डबा! तिकडे पण डबाच दिला! आणि परत सगळे सुटले.

संज्या तेवढा हसला नाही. ताईला फोन लावतो म्हणाला, रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले.

चहाचे पैसे बाळ्याने दिले. हे नोंदवून ठेवतोय, आता साडेसहाशे राहिले.

रात्री १ वाजून १० मिनिटांनी ग्रुपवर संज्याचा स्क्रीनशॉट. डाऊनलोड चालू, पहिला गेम, पहिला तुकडा, ३ टक्के. खाली लिहिलंय, "कोणाकडे जादाची हार्ड डिस्क आहे का? आठ दिवसांत परत देतो."

सगळ्यांच्या निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून कोणाचं नाही.