वाढत्या अंगाचं माप

साडू हे नातं मुळात तुलनेसाठीच आहे. माझे साडू लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झाले, उंची सहा फूट एक इंच. मी विमा कंपनीतून निवृत्त झालो, उंची पाच फूट चार इंच, तीही सकाळच्या वेळी. सासरच्या लग्नकार्यात फोटोग्राफर आम्हा दोघांना हमखास शेजारी उभं करतो आणि मग कॅमेरा वर धरू की खाली, या विचारात पडतो. दिवाळीत कर्नलसाहेबांनी नवा गोल्फ सेट घेतला आणि जुना, बॅगेसकट, आमच्या दारात आणून ठेवला. "घ्या राव. निवृत्त माणसाने हिरवळीवर चालावं." सासरकडून आलेल्या वस्तूला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, माळा त्यासाठीच बांधलाय. पण हा सेट माळ्यावर टाकता येईना, कारण साडू दर रविवारी फोन करून प्रगती विचारायला लागले.

बॅग उचलली तेव्हाच खांद्याने राजीनामा दिला. आत मोजून चौदा क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या. नियमाने कमाल चौदाच नेता येतात. १९३०च्या दशकात काही खेळाडू पंचवीस-तीस काठ्या घेऊन मैदानात उतरायला लागले, म्हणून अमेरिकेत १९३८ साली ही मर्यादा आली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये. कमीत कमी किती हव्यात याबद्दल नियम काहीच म्हणत नाही, हे मला साडूंनी सांगितलं नाही. लष्करात कमी सामान घेऊन जाण्याची कल्पनाच नसावी.

पुण्यात "याला येरवड्याला नेलं पाहिजे" असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन पत्ते येतात, एक तुरुंग आणि दुसरं मनोरुग्णालय. पूना क्लबचं गोल्फ कोर्सही तिथेच आहे. साडूंच्या एका मित्राच्या ओळखीने मला तिथे सरावाला जाता आलं. ज्यांनी मला ती बॅग घेऊन जाताना पाहिलं, त्यांना या तिन्ही पत्त्यांत फार फरक वाटला नसेल.

बरोबर दिलेला कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, साधारण माझ्याच वयाचा. त्याने माझे फटके हाताची घडी घालून बघितले. चेंडू जायचा तर डावीकडे जायचा, आणि बऱ्याचदा जायचाच नाही. मग तो उकिडवा बसला आणि मी उकरलेल्या गवताकडे बोट दाखवलं. खळगा माझ्या पायांकडच्या बाजूला चांगला खोल होता, पलीकडच्या टोकाला गवत नुसतं खरचटलेलं.

"साहेब, काठी कुणाची?"

"साडूंची."

"उंच आहेत ना?"

न पाहिलेल्या माणसाची उंची मातीवरून सांगणाऱ्या या गृहस्थापुढे मी मनातल्या मनात हात जोडले. दांडा लांब असला की बुटक्या माणसाच्या हातात तो जास्त आडवा होतो. क्लबच्या डोक्याचं पुढचं टोक जमिनीवरून उचललं जातं, दांड्याकडची टाच रुतते आणि तोंड डावीकडे वळतं. चेंडू बिचारा तोंड जिकडे असेल तिकडे जातो. थोडक्यात, माझा फटका कदाचित सरळच होता. वाकडे साडू होते. हे वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं आणि रात्री पिठलं-भातावर भागवावं लागलं.

"खाली धरा ना मग," असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. दोन इंच खाली धरला, तर वर उरलेलं टोक बरोबर पोटात रुततं. साडूंच्या पोटात रुतलं नसतं, पण तो विषय वेगळा. आणि पकड खाली सरकवली की दांड्याचा बारीक भाग हातात येतो, डोकं हलकं लागतं. कापून आखूड करता येतो, नाही असं नाही. पण मग दांडा आणखी ताठ होतो, आणि साडूंचे दांडे आधीच ताठ होते. त्यांच्यावर 'एस' असं अक्षर होतं. मला वाटलं, सोल्जर. अर्थ निघाला स्टिफ. माझ्या मते दोन्ही एकच.

अखेर "एकदा नीट माप देऊन या आणि काय ते घ्या, म्हणजे मला रविवारी ताईचा फोन सुखाने घेता येईल" असं घरातून फर्मान निघालं, आणि आम्ही दोघं एका फिटिंग स्टुडिओत गेलो. भिंतभर पडदा, पायाखाली खोटं गवत, बाजूला चेंडूवर नजर ठेवणारं एक डबडं आणि आमच्या मुलापेक्षा लहान असलेला एक तरुण फिटर. त्याने आधी मला बूट घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप लावला. उंचीपेक्षा हे माप महत्त्वाचं. लांब हातांच्या ताडमाड माणसालाही नेहमीचाच दांडा पुरतो, आणि आखूड हातांच्या माणसाला मध्यम उंची असूनही पुरत नाही. आयुष्यभर माझी उंची काढणाऱ्या सासरच्या मंडळींनी हातांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. हात मात्र उंचीला साजेसेच निघाले.

मग पकड. डाव्या हाताने दांडा धरला की मधल्या दोन बोटांची टोकं तळहाताच्या उंचवट्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं मांसात रुतली तर पकड बारीक, फट राहिली तर जाड. माझी रुतत होती. "सर, नखं जरा कापून या," फिटर फार अदबीने म्हणाला. हे मला चाळीस वर्षं घरात ऐकवलं जातंय, पण त्याला शास्त्रीय आधार आहे हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतर त्याने क्लबच्या तळाला एक चिकटपट्टी लावली आणि जमिनीवर एक कडक फळी ठेवली. फळीवरून चेंडू मारायचा आणि पट्टीवर घासल्याची खूण कुठे उमटते ते बघायचं. खूण मध्यावर आली तर दांड्याचा जमिनीशी होणारा कोन बरोबर. माझी टाचेकडे उमटली, म्हणजे येरवड्याच्या कॅडीने जे उकिडवं बसून फुकटात सांगितलं होतं, तेच इथे फळी, पट्टी आणि फी लावून सिद्ध झालं. पिंग कंपनीने तर या कोनांसाठी रंगीत ठिपके ठरवलेत. काळा म्हणजे नेहमीचा, लाल म्हणजे थोडा आडवा, निळा म्हणजे थोडा उभा. मी लाल निघालो. कॉलेजात एसएफआय या डाव्या विद्यार्थी संघटनेत असताना निघालो होतो, त्यानंतर एकदम आत्ता.

इथपर्यंत ठीक होतं. अंगाची मापं होती, अंग समोर होतं. पुढे तो म्हणाला, "आता तुमचा स्विंग मोजू या."

खरी गोची इथे आहे. दांडा किती लवचीक हवा, वजन किती, चेंडू किती कोनात उठतो, हे सगळं स्विंगवरून, म्हणजे काठी फिरवण्याच्या ढंगावरून, ठरतं. आणि नवशिक्याकडे नेमका तोच नसतो. माझ्याकडे दर वेळी नवा असतो. पहिला चेंडू पडद्यावरच्या तळ्यात गेला, दुसरा उजवीकडच्या झाडीत. तिसरा हवेत गेलाच नाही. तो पडद्याच्या तळाशी जाऊन धडकला आणि परत माझ्या पायाशी आला. डबड्याने तिघांची सरासरी काढली, आणि पडद्यावर एक पिवळी रेष अशी देखणी, मैदानाच्या मधोमध, उंच जाऊन अलगद उतरली. तसा फटका मी मारलेला नव्हता. पण संगणकाच्या मते मी तसा माणूस आहे. मी त्या रेषेचा फोटो काढून साडूंना पाठवला.

ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, फिरवण्याचा माझा वेग ताशी बहात्तर मैल भरला. मी खूश होऊन त्याच्याकडे पाहिलं. तो तक्त्याकडे पाहत होता.

"सर, दांड्यांचे प्रकार असतात. एक्स, एस, आर... आर म्हणजे रेग्युलर."

"मग आर द्या."

"किंवा ए बघू. सीनियर म्हणतात त्याला."

"आणि त्याच्याही खाली?"

"एल."

एल म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. आमच्या मंडळींनी सांगितलं, आजूबाजूला सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दांडा ताठ घेऊन वेग येत नाही, हे त्या मुलाने मला पटवून दिलं. त्याने ग्रॅफाइटचा हलका दांडा हातात दिला. पोलादाच्या साधारण निम्म्या वजनाचा. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या कर्त्याधर्त्यांनी १९२९पर्यंत पोलादाला परवानगीच दिली नव्हती, तोवर हिकरीच्या लाकडाचे दांडे चालत. प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजवर पोलादी दांडा वापरला आणि मग नियम वाकला. राजपुत्रासाठी नियम वाकतो, माझ्यासाठी निदान दांडा तरी वाकावा, एवढीच अपेक्षा होती.

एवढ्यात मंडळींनी खुर्चीवरून शंका काढली. "अहो, पण हे शिकल्यावर यांचा तो स्विंग बदलणार ना? मग आत्ताचं माप काय कामाचं? मुलांना कसे कपडे वाढत्या अंगाचे घेतो, तसं काही मिळत नाही का?"

मी शरमेने मान खाली घातली. फिटरने मात्र हातातला टेप गुंडाळून ठेवला आणि पहिल्यांदाच विक्रेत्यासारखा नाही, माणसासारखा बोलला. "काकू, बरोबर आहे तुमचं. काकांची हाडं आता वाढणार नाहीत, हातही तेवढेच राहतील. म्हणजे लांबी, पकडीची जाडी आणि ढोबळ मानाने कोन, एवढं आत्ता बरोबर घ्या. दांडा मऊ घ्या. बाकीच्या बारीक मापांवर आज पैसे घालू नका. आधी शिकवणी लावा, वर्षभराने परत या." त्या मुलाचा मालक आसपास नव्हता, हे त्याचं नशीब.

चौदाही घ्यायचे नाहीत, असं ठरलं. एक जास्त कोनाचा, म्हणजे तोंड मागे जास्त कललेला, ड्रायव्हर. साडूंचा नऊ अंशांचा होता, मला बाराचा दिला, कारण चेंडू जमिनीवरून उठणं ही माझी पहिली गरज. एक हायब्रिड, दोन-तीन आयर्न, एक वेज, म्हणजे मधल्या आणि जवळच्या फटक्यांच्या काठ्या. आयर्न पाठीमागून पोकळ, कडेला वजन असलेले, म्हणजे चेंडू मध्यावर लागला नाही तरी फार बोभाटा होत नाही. साडूंचे पातळ पात्याचे होते. यात एक गंमतही आहे. त्यांचा सात नंबरचा आयर्न आणि माझा सात नंबर शेजारी धरले, तर माझ्याचं तोंड कितीतरी उभं. पूर्वी सात नंबर चौतीस-पस्तीस अंशांचा असायचा, आता नवशिक्यांसाठीचा अठ्ठावीस-तीसचा येतो. चेंडू लांब जातो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आपण सुधारलो. मला ही फसवणूक मनापासून आवडली. रविवारच्या फोनवर साडूंनी विचारलं, "सातने किती जातो?" मी आकडा सांगितला, अंश सांगितले नाहीत.

पटरचं, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या काठीचं, मात्र कुणी नावच काढलं नव्हतं. बहात्तर पारच्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत संपवायच्या, मैदानावर अठरा हिरवळींपैकी प्रत्येकीवर पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे छत्तीस. निम्मा खेळ त्या एका काठीचा. मी तसं म्हटल्यावर कळलं की पटरचं माप वेगळ्या वेळी घेतात आणि त्याची फीही वेगळी. मंडळींनी कोपऱ्यातल्या स्टँडवरचे पटर एकेक करून माझ्या शेजारी उभे करून बघितले आणि त्यातला सगळ्यात आखूड काढून काउंटरवर ठेवला.

बिल व्हायला लागलं. फिटरने शेवटी एक पांढरा हातमोजा ठेवला.

"दुसऱ्या हाताचा?"

"काकू, एकच घालतात. डाव्या हातात."

"मग उजव्या हाताचे तुम्ही कुणाला विकता?"

"डावखुऱ्यांना."

"ते किती येतात?"

"फार नाही."

"मग पडून असतील की तुमच्याकडे. त्यातला एक टाका बरोबर. डिसेंबरात सकाळी दूध आणायला जाताना गाडीवर घालतील."