जीवाश्म होण्याची पूर्वतयारी

पहिली गोष्ट, दहन टाळा. पुढच्या सहा-सात कोटी वर्षांत कोणाच्या तरी हाती लागायची इच्छा असेल तर चिता कामाची नाही, मग ती चंदनाची का असेना. उघड्यावर पडून राहणंही नको. कोल्ही-कुत्री, किडे आणि जंतू दोन-चार पावसाळ्यांत तुमचा निकाल लावतील. राजमार्ग एकच: मेल्या मेल्या गाळात गाडलं जाणं. गाळ बारीक हवा, भराभर साचायला हवा आणि आत हवा शिरता कामा नये.

जागा निवडताना गावाच्या अभिमानात अडकू नका. पुणे-साताऱ्याची मंडळी इथेच मार खातात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर ओतले गेले. त्यात सापडलेल्याचं काय उरणार? पण पूर्वेकडे दोन उद्रेकांच्या मधल्या निवांतपणात तळी साचली आणि त्यांच्या गाळात शंख, बिया, पानं जपली गेली. नागपूरजवळच्या टाकळीतून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच गोळा केली होती. त्याहून कितीतरी जुन्या खडकांत, सिरोंच्याकडे, झाडांचे ओंडकेच्या ओंडके दगड होऊन पडलेत. विदर्भाचा अनुशेष मोजणाऱ्यांनी एकदा अवशेषही मोजावेत.

काय टिकेल याबद्दलही भ्रम नको. मेंदू, काळीज, जीभ आधी कुजतात. हाडं उरतात, आणि सगळ्यांत चांगले टिकतात ते दात. सार्वजनिक जीवनाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरं कसब पुढे आहे. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका किंवा कॅल्साइटसारखं खनिज विरघळलेलं असतं. ते पेशीपेशीत शिरतं, पोकळ्या भरतं, कुजत चाललेल्याची जागा घेतं. घाई नाही, गाजावाजा नाही. अशा ओंडक्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशींच्या भिंतीसुद्धा जागच्या जागी दिसतील. लाकूड मात्र नावाला नाही.

ज्यांना इतकं थांबवत नाही, त्यांनी एखाद्या जुन्या संस्थेच्या कार्यकारिणीत शिरावं. तिथे हेच काम वीस-पंचवीस वर्षांत उरकतं. मी सभासद असलेल्या वाचनालयाचीच वार्षिक सभा घ्या. चिटणीस लाल फडक्यातलं दप्तर सोडतात. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील सभेत काय झालं? तर त्यामागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. सूचक ठरलेले, अनुमोदक ठरलेले. सूचकांचं वाक्य संपायच्या आत अनुमोदकांचा हात वर. नवीन सभासद झालेल्या एका मुलीने पुस्तकांची यादी संगणकावर घेऊ या म्हटलं, तेव्हा अध्यक्षांनी प्रेमाने सांगितलं, "बाळ, घटनेत तशी तरतूद नाही." घटनेची प्रत लोखंडी कपाटात आहे, कपाटाची किल्ली माजी चिटणीसांकडे आहे आणि माजी चिटणीस मुलाकडे न्यू जर्सीला आहेत. खिडक्या बंदच असतात, पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, रबरी शिक्का, सगळं जागच्या जागी. वाचक मात्र नावाला नाही.

तुमच्या कर्तृत्वातलं नेमकं काय उरेल, हे मात्र तुमच्या हातात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे डायनोसोरची हाडं मिळतातच, पण जगभर नाव झालं ते शेणामुळे. दगड झालेल्या त्या गोळ्यांत गवतातले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसोरच्या काळातही गवत उगवत होतं, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा स्मरणिकेतल्या तुमच्या लेखाला कोणी काहीही म्हणो, नाउमेद होऊ नका.

शेवटचा क्षणही जरा विचारपूर्वक निवडा. गुजरातेत धोली डुंगरीला साडेतीन मीटरचा एक साप डायनोसोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसला होता. शेजारी नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू. तेवढ्यात वरून गाळ आला आणि सगळा पंक्तिप्रसंग तसाच गोठला. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना तो दगड १९८० च्या दशकात मिळाला, पण तेव्हा सगळी हाडं पिल्लांचीच धरली गेली. साप ओळखला जाऊन 'सनाजेह इंडिकस' हे नाव मिळायला २०१० उजाडलं. म्हणजे आधी कोट्यवधी वर्षं घास तोंडाशी, आणि सापडल्यावरही ओळख भलत्याचीच. पदाधिकाऱ्यांनी भोजनाच्या रांगेत पुढे घुसण्याआधी याचा विचार करावा.

आणि नशीब फारच जोरावर असेल तर शाळिग्राम व्हाल. समुद्रात पोहणारा अमोनाइट नावाचा शंखवाला प्राणी मेला, गाळात रुतला, हिमालयाबरोबर वर उचलला गेला आणि नेपाळात गंडकीच्या पात्रातून थेट आपल्या देवघरात आला. त्याला रोज स्नान, गंध, तुळशीपत्र. प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. आमच्या अध्यक्षांना यंदा अमृतमहोत्सवानिमित्त शाल-श्रीफळ आहे, हार आहे, फुलांची उधळण आहे. शाळिग्रामाच्या मानाने कमी काहीच नाही. फक्त शाळिग्रामाला सत्कारानंतर मनोगत व्यक्त करायला सांगत नाहीत.