सांबारवडीत इडली

"आता सर्च इंजिन शब्द नाही, अर्थ पाहून राहिलं बे," नितीन म्हणाला. दोन दिवसांची कार्यशाळा करून आल्यापासून तो बोलताना हवेत बोटं गोल फिरवतो. "म्हणून पानावर जवळचे शब्द पेरावे लागतात. एलएसआय. लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग."

"म्हणून माझ्या सांबारवडीच्या पानावर इडली पेरली काय?" गजू पोह्यात तर्री कालवत म्हणाला.

लक्ष्मीभुवन चौकातल्या कट्ट्यावर हे दुखणं सगळ्यांना पाठ आहे. ऐन डिसेंबर, सांबाराच्या, म्हणजे आमच्या नागपुरी भाषेत कोथिंबिरीच्या, जुड्या स्वस्त, गजूच्या धंद्याचा सीझन. अन् ह्या नितीन पठ्ठ्यानं त्याच्या वेबसाइटच्या पानाच्या तळाशी फिकट अक्षरांत इडली, डोसा, उडीद, नारळाची चटणी असे साठेक शब्द ठोकून दिले. पुण्याहून एका बाईंचा फोन आला, शंभर प्लेट इडली कधी पाठवता?

वर्षा कॉलेजात हेच शिकवते. तिनं चहा खाली ठेवला, तेव्हाच मला समजलं की नितीन गेला.

"ते तंत्र १९८८चं आहे, नितीन. बेलकोर नावाच्या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेतल्या लोकांनी काढलं, गूगल कंपनी निघायच्या दहा वर्षं आधी. एक मोठा तक्ता. आडव्या ओळींत शब्द, उभ्या रकान्यांत लेख, कोणता शब्द कुठे किती वेळा आला ते आकडे. मग गणितानं तक्ता आवळायचा, दर शब्दामागे शे-तीनशे आकडे उरेपर्यंत. एका संगतीत फिरणारे शब्द जवळजवळ येतात. 'डॉक्टर' शोधलं तर नुसतं 'वैद्य' लिहिलेला लेखही सापडतो."

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," अण्णा म्हणाले.

"वाण नाही पण गुण लागला. बस, एवढंच! नितीननं याचे चार हजार घेतले."

"अन् सांबार?" गजूचा जीव तिथंच अडकलेला.

"तिथंच ते फसतं. एका शब्दाला एकच जागा. आपला सांबार जुडीतला, बाकीच्यांचं सांबार डाळीचं. दोघांची सरासरी काढली की शब्द अधेमधे लटकतो. ना नागपूर, ना वर्धा, उतरवलं बुटीबोरीत."

"बुटीबोरीला नावं ठेवू नको, माझी सासुरवाडी आहे," अण्णा.

"गूगलनं २०१९मध्ये सर्चला बर्ट नावाचं भाषेचं मॉडेल जोडलं. ते दर वाक्यात शब्दाच्या मागचं-पुढचं पाहून त्याची जागा नव्यानं ठरवतं. 'सांबार निवडला' वेगळं, 'सांबार ओतलं' वेगळं. तुझी शब्दांची रास तिथं काय कामाची? वाक्य लिही, वाक्य."

"पण क्लायंट एलएसआय कीवर्डच मागतात न!"

"असं काही नसतंच, हे गूगलचा जॉन म्यूलर त्याच वर्षी सांगून मोकळा झाला."

"त्याला काय समजतं नागपूरचं?" नितीन तावातावानं म्हणाला. यावर कोणी काय बोलणार?

गजूनं मात्र जुनं उकरलं. "दोन वर्षं हिंजवडीत काय राहून आला, सांबाराला कोथिंबीर म्हणायला लागला. तिथूनच बिघडला हा. जामठ्याच्या मॅचच्या तिकिटाचे पैसेही दिले नाहीत अजून."

"फोनवर टाकतो म्हटलं न बे! नेट चालून नाही राहिलं."

पोहेवाल्यानं नितीनची दुसरी प्लेट भरली आणि हातात हिरवी चिमूट धरून विचारलं, "दादा, सांबार टाकू?"

"थोडी कोथिंबीर टाका."

"ते नाही आहे," पोहेवाला म्हणाला. "सांबार आहे."

गजूला ठसका लागला, तर्री थेट अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर.