पथ्य पाळायलाही हातात काहीतरी लागतं

नमस्कार. कोविडकाळात मधुमेहींना मिळालेल्या उपचारांतल्या विषमतेवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की दवाखाने सगळ्यांनाच बंद होते, फोनवर डॉक्टर मिळत होते, आणि ज्यांची साखर वाढली त्यांनी पथ्य पाळलं नाही.

दवाखाने बंद होते हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांकडून माहिती घेतली, तेव्हा ४९ टक्के देशांत मधुमेहाच्या सेवा अंशतः किंवा पूर्णपणे विस्कळीत झाल्या होत्या. पण झळ सगळ्यांना सारखी बसली नाही.

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरून मिळणारं तुटलं की रक्तात आम्ल साठतं आणि काही दिवसांत जिवावर बेततं. यात पथ्य कुठे आलं? एकाच्या फ्रिजमध्ये दोन महिन्यांचा साठा होता. दुसरा रोजच्या कमाईतून एकेक बाटली घेणारा. त्याचं काम थांबलं आणि बाटलीही तळाला गेली. मग माणूस डोस कमी करतो, एखादा चुकवतो. याला बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता फोन. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, उपाशीपोटी साखर किती? घरी साखर मोजायचं यंत्र, म्हणजे ग्लुकोमीटर, नाही, किंवा त्यात घालायच्या स्ट्रिप्स संपल्यात, तर उत्तर काय देणार? आणि पायाचं काय? मधुमेहाने नसा बधिर झालेल्या पायाच्या तळव्याला जखम झाली तरी दुखत नाही. मोजा ओला लागतो तेव्हा कळतं. ती जखम कुणीतरी हातात पाय घेऊन बघावी लागते, पायातला रक्तपुरवठा तपासावा लागतो, सडलेला भाग काढावा लागतो. ज्याला खासगी गाडी आणि खासगी डॉक्टर मिळाला त्याचं निभावलं. ज्याला नाही मिळाला, तो बोट काळं पडल्यावर पोचला.

इंग्लंडचं उदाहरण तर तुमच्या मुद्द्याला थेट छेद देतं. तिथे मधुमेहाच्या औषधांना रुग्णाला पैसे पडत नाहीत. तरीही २०२० च्या पहिल्या लाटेत रुग्णालयात कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मधुमेही होते, आणि मधुमेहींमध्येही गरीब वस्त्यांतल्यांचा मृत्यूचा धोका जास्त निघाला. औषध फुकट असूनही हे झालं, मग जिथे ते विकतच घ्यावं लागतं तिथलं काय?

म्हणून माझी मागणी तीच राहील. पुढची साथ येईल तेव्हा इन्सुलिन आणि स्ट्रिप्स आधीच दोन-तीन महिन्यांच्या हाती द्या, आणि बाकी काहीही बंद करा, पायाच्या जखमा बघणारी खोली उघडी ठेवा.