‘आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही’

बाळंतपण झालेल्या घरातल्या मोबाइलवर हमखास येऊन पोचणारा एक मजकूर आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच. घराण्यात कुणी बहिरं नसेल आणि लग्न नात्यात झालेलं नसेल, तर नवजात बाळाच्या कानाची, त्यातही जनुकीय, तपासणी म्हणजे पैसे काढायचा धंदा. ताट वाजवा, बाळ दचकलं की झालं. दवाखान्यानं ‘पास’ म्हटलं असेल तर विषयच संपला. आणि दोष निघाला तरी जनुकं थोडीच बदलतात? उलट ‘वाहक’ असा शिक्का बसला की पुढे लग्नाला अडचण.

मी लहान मुलांच्या कानांच्या तपासण्या करते. हा मजकूर मला फायलीसोबत दाखवला जातो, तोही बहुतेकदा मूल दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर. म्हणून एकेक मुद्दा घेते. त्यातला एक मला अर्धा पटतो, तेही सांगेन.

‘घराण्यात कुणी नाही.’ ऐकायला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. जन्मतः कायमचा श्रवणदोष हजारात एक ते तीन बाळांना असतो आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक बाळांत कारण जनुकीय असतं. तरीही अमेरिकेतली आकडेवारी सांगते की नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलांच्या आईवडिलांना ऐकू येतं. हे कसं? बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. जीजेबी2 नावाचं एक जनुक कॉक्लिआतल्या, म्हणजे कानाच्या आतल्या शंखातल्या, पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा बांधतं. आवाज ऐकताना वापरलेलं पोटॅशियम त्या वाटांनी परत फिरतं. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. म्हणून आई ऐकते, बाप ऐकतो, चारही आजी-आजोबा ऐकतात. दोघांकडूनही नेमकी बिघडलेलीच प्रत आली की मग बाळाच्या वाटा बंद. दोघं वाहक, म्हणजे एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे, असतील तर दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक. चार पिढ्या गुपचूप चालत आलेली गोष्ट पाचव्या पिढीत पाळण्यात दिसते. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलमुळे हे गणित घरोघरी ठाऊक आहे. कानाच्या बाबतीत मात्र ते कुणाला आठवत नाही.

नात्यातल्या लग्नाचं म्हणाल तर मामेबहीण-आतेभाऊ अशा जोडप्यांत धोका वाढतो हे खरं. एकाच आजोबांची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊ शकते. पण भारतात या जनुकाचा सर्वाधिक सापडणारा बिघाड, डब्ल्यू24एक्स, एखाद्या गावाचा किंवा जातीचा नाही. नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या दोघांकडेही तो असू शकतो.

‘ताट वाजवा.’ एका आजींनी माझ्यासमोरच हा प्रयोग केला. चमचा वाटीवर आपटला, नातू वळला, आजी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहू लागल्या. मग मी वाटी बाळाच्या पाठीमागे नेली, हात दिसणार नाही, टेबलाला धक्का लागणार नाही अशी, आणि वाजवली. बाळ आईच्या बांगड्यांशी खेळत राहिलं. बाळं हलणारा हात बघतात, कंप ओळखतात, वाऱ्याची झुळूकसुद्धा. शिवाय ताटाचा दणका खरोखर ऐकू येऊनही ‘स’, ‘फ’, ‘त’ ऐकू न येणारी मुलं असतात, एकाच कानानं ऐकणारी असतात. आणि ‘आवाज तर काढतं ना?’ याचंही तसंच. पूर्ण कर्णबधिर बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, किंचाळतं, खिदळतं. त्यानंतर घरचे म्हणतात, बापही उशिराच बोलला होता, वेखंड उगाळून चाटवा. वेखंडावर माझा राग नाही, त्यात गेलेल्या वर्षावर आहे.

‘दवाखान्यानं पास केलंय.’ कशात पास, हे विचारायला हवं. ओएई ही तपासणी कानात बारीक टकटक सोडते आणि आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशींचा प्रतिध्वनी पकडते. तिथून पुढे श्रवणाच्या नसेकडे निरोप जातो का, हे तिला कळत नाही. हा निरोप नसेला द्यायला लागणारं ओटीओएफ जनुक बिघडलेलं बाळ म्हणूनच ओएईत पास होऊ शकतं आणि बेरा, म्हणजे नसेतून मेंदूकडे जाणारा निरोप मोजणारी तपासणी, केली की रेघ सपाट येते.

चीनमध्ये बीजिंग शहरानं जानेवारी 2012 पासून सगळ्या नवजात बाळांची कानाची आणि जनुकांची तपासणी एकत्र सुरू केली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर चार जनुकांतले नऊ बिघाड शोधायचे, एवढंच. एप्रिल 2013 ते मार्च 2014 या काळात जन्मलेल्या 1,80,469 बाळांपैकी 40 जणांत जीजेबी2 किंवा एसएलसी26ए4 या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. त्यातली 10 बाळं कानाच्या तपासणीत पास झाली होती. नुसत्या यंत्रावर विसंबून ती हसत घरी गेली असती.

त्याच पाहणीत 409 बाळांना मायटोकाँड्रियातला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या जनुकांतला, एक वेगळा बिघाड होता आणि त्यातली 405 पास होती. यात तपासणीची चूक नाही, त्यांना ऐकू येतच होतं. त्यांना धोका जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या गटातल्या औषधांचा. एरवी निभावून जाणाऱ्या मात्रेनंही अशा माणसाचं ऐकणं कायमचं जाऊ शकतं. ही औषधं वाईट नाहीत. जंतुसंसर्ग झालेली कितीतरी नवजात बाळं त्यांच्यामुळेच वाचतात. पण कुणाला ती टाळून दुसरं द्यावं हे आधी कळलं तर? इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या नवजात विभागांत 26 मिनिटांत निकाल देणारी चाचणी वापरून पाहिली गेली आहे, औषधाचा पहिला डोस लांबू नये म्हणून. हा बिघाड फक्त आईकडून येतो. म्हणजे बाळात सापडला तर मामाला असतो पण मामाच्या मुलांना नाही, मावशीला असतो आणि तिच्या मुलांनाही. एका बाळाच्या रक्तानं अख्खं आजोळ सावध होतं.

‘कळून उपयोग काय?’ पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभरचा पाळायचा नियम आहे, कारण भाषेसाठी मेंदू थांबून राहत नाही. कारण कळलं की पुढचा रस्ताही ठरतो. जीजेबी2 असेल तर नस सहसा शाबूत असते आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्राचा, फायदा चांगला होतो. एसएलसी26ए4 असेल तर डोक्याला मार बसून उरलंसुरलं ऐकणं जाऊ शकतं, म्हणजे खेळ निवडताना काळजी. केसीएनक्यू1च्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर बहिरेपणाबरोबर हृदयाची लय बिघडते आणि मूल अचानक कोसळू शकतं. तिथे ईसीजी जीव वाचवतो. आणि ओटीओएफच्या बाबतीत तर ‘जनुकं बदलत नाहीत’ हे वाक्यच जुनं झालं. शांघायमध्ये सहा मुलांच्या आतल्या कानात त्या जनुकाची चांगली प्रत सोडली, पाच जणांना ऐकू येऊ लागलं. जानेवारी 2024 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

इथे कर्णबधिर मित्र मला अडवतात. तुम्ही आम्हाला दुरुस्त करायला निघालात का, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की बाळाला लवकर भाषा मिळावी. इम्प्लांटनं मराठी मिळो, नाहीतर हातांनी भारतीय सांकेतिक भाषा, पण तीन वर्षं काहीच नाही, असं नको.

‘वाहक म्हटलं की लग्न अडेल.’ बीजिंगमध्ये नुसत्या नऊ बिघाडांसाठी 8,136 बाळांत काही ना काही सापडलं, म्हणजे साधारण दर बाविसावं बाळ. इतकी लग्नं अडवायची तर मांडवच ओस पडतील. वाहकाला नीट ऐकू येतं. ही भीती नवीनही नाही. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं 1883 मध्ये कर्णबधिरांच्या आपसातल्या लग्नांमुळे बहिऱ्या माणसांचा वेगळा वंशच तयार होईल असा इशारा दिला होता. तसा वंश काही तयार झाला नाही. कर्णबधिर जोडप्यांच्या बहुतेक मुलांना ऐकू येतं, कारण दोघांचं बिघडलेलं जनुक सहसा वेगवेगळं असतं.

आता तो अर्धा पटणारा मुद्दा, पैशांचा. ‘जनुकीय चाचणी केली, आता कान तपासायची गरज नाही’ असं कुणी सांगत असेल तर तो धंदाच. चिनी बाळांसाठी बांधलेली यादी आपल्या डब्ल्यू24एक्सवर बेतलेली नाही. गरोदरपणात आईकडून बाळाला होणारा सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग, तीव्र कावीळ, फार लवकर झालेला जन्म यांतून येणारा बहिरेपणा जनुकांत दिसतच नाही. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे निश्चिंती नव्हे. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी कानाची तपासणी करा. जन्मजात बहिरेपणा 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, तेव्हा सरकारी रुग्णालयात विचारायला संकोच नको. घरात आधीचं एक मूल कर्णबधिर असेल, तर मात्र पुढच्या वेळेआधी जनुकीय चाचणी आणि समुपदेशन टाळू नका.

आणि घरी परतलेल्या बाळाचं डिस्चार्ज कार्ड एकदा उघडून बघा. ‘हिअरिंग : पास’ एवढंच लिहिलं असेल तर ओएई की बेरा, एक कान की दोन्ही, ते विचारा. बाळ पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असेल तर नुसती ओएई पुरत नाही, बेरा मागून घ्या.