उलट्या मोटारीचे सुलट गाऱ्हाणे

एक साधा स्विच विकत घेताना माणसाला आपल्या छंदाचा एवढा जाहीर खुलासा करावा लागेल, असे मला काल संध्याकाळपर्यंत वाटले नव्हते. घरच्या छोट्या, धातू कोरणाऱ्या मिलिंग मशीनचा टेबल हाताने चाक फिरवून सरकवण्याचा कंटाळा आला, म्हणून भंगारातली वायपरची १२ व्होल्टची मोटार मी त्याला जोडली आहे. टेबल डावीकडे जातो तसा उजवीकडेही यावा, एवढ्या माफक अपेक्षेने मी बेळगावच्या बाजारात सहा पायांचा, मध्ये बंद राहणारा टॉगल स्विच मागितला.

“मोटार उलटी कशाला फिरवायची ओ?” हा प्रश्न दुकानदाराने नव्हे, तर मिक्सरचे कार्बन घ्यायला आलेल्या, येळ्ळूरकडच्या एका टोपीवाल्या काकांनी केला. अशा डीसी मोटारीत चुंबक कायमचे असतात, त्यामुळे तिच्या दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट फिरते, असे मी नम्रपणे सांगितले. काकांनी पिशवी काउंटरवर ठेवली, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

“आमच्या मिक्सरची पिन मी कैकदा उलटी घातलोय. कधी उलटा फिरला नाही की!”

संताप याचा, की काका खरे बोलत होते. मिक्सरमध्ये चुंबकाच्या जागीही तारेची गुंडाळीच असते. पिन उलटी केली की आतला आणि बाहेरचा, दोन्ही प्रवाह एकदमच पालटतात आणि फिरण्याची दिशा जिथल्या तिथे राहते, म्हणून तर ती मोटार एसीवर चालते. हे मी बिलाच्या पाठीवर आकृती काढून समजावले. शेजारच्या दुकानातले दोघे आकृती बघायला आले. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि निकाल दिला, “मग मिक्सरचीच मोटार चांगली. टेबल टोकाला गेला की मशीन उचलून फिरवून ठेवायची.” जमलेल्यांनी माना डोलावल्या. बिडाच्या मशीनला उचलणार कोण, हे मात्र कोणी विचारले नाही.

तेवढ्यात दुकानदाराने मध्ये न थांबणारा स्विच पुढे केला. पूर्ण वेगात फिरणारी मोटार स्वतःही वीज निर्माण करत असते. एरवी त्या विजेचा दाब पुरवठ्याला विरोध करतो, पण एकदम दिशा बदलली तर पुरवठ्यातच मिळतो आणि मोटार अडकल्यावर वाहतो त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह उसळतो, म्हणून मध्ये दम घ्यायला जागा हवी, असे मी म्हणालो. “२५० व्होल्ट लिहिलंय बघा त्यावर. तुमचे बारा म्हणजे त्याला डास चावल्यासारखे.” तो आकडा एसीचा आहे, एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते, डीसीची तशी विझत नाही, हे सांगण्याचे त्राण मला उरले नव्हते. ज्या गावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडतात आणि ज्याच्याजवळ हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, तिथे मधोमध बंद होणारा स्विच ‘पुण्याहून मागवावा लागेल, आठ दिवस धरा’ हे ऐकून घ्यावे लागते, आणि वर आगाऊ पैसेही मागतात. काकांना कार्बन मिळाले. ते मात्र जाताना मशीन बघायला रविवारी येतो म्हणाले.

शेवटी मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाकडे वळलो. पाच पायांच्या दोन रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारे स्विच, घेतल्या तर एकीने मोटार सुलट फिरते, दुसरीने उलट, आणि दोन्ही बंद असताना मोटारीची दोन्ही टोके ऋण तारेला जोडली जाऊन तिला आपोआप ब्रेक लागतो. कोणाला काही समजावण्याची गरज नाही. मी रिले मागितल्या.

“गाडी कुठली?”

ट्रक म्हटले असते तर त्याने २४ व्होल्टच्या काढल्या असत्या, म्हणून मी ओम्नी म्हणालो.

“कुठल्या सालची?”